चादरींच्या खोलीत

ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

केस पिकले तरी तू आम्हाला छोटीच, तेव्हा कुरकुर नको. वॉर्डातल्या तुझ्या हाताखालच्या नर्सेसवर ओरडून झालं असेल तर थोडं माझंही ऐकून घे.

हॉटेलचं बरं चाललंय. वरच्या मजल्याचे पडदे बदलले. आचाऱ्याने रागारागात नोकरी सोडली आणि संध्याकाळच्या जेवणाआधी गुपचूप परत येऊन कांदा चिरायला बसला. म्हणजे सगळं नेहमीसारखंच. नवी रिसेप्शनिस्ट मात्र डोक्याला ताप झालीय. बाई चलाख आहे, दोन मुलांचं आवरून वेळेवर येते, हसून बोलते. पण काल तुझे दादा काउंटरवर एका जोडप्याला किल्ली देत होते, तर हिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की साहेब, त्या खोलीत पाहुणी आहे. ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

तुला माहीतच आहे, ह्यांनी हे हॉटेल एका नियमावर चालवलं. कामगाराची चूक पाहुण्यांसमोर दाखवायची नाही. तिथल्या तिथे सावरून घ्यायचं आणि मग त्या माणसाला चादरींच्या खोलीत नेऊन, स्टुलावर बसवून, हातात चहा देऊन बोलायचं. म्हणून तर माणसं आपल्याकडे टिकली. आणि ही परवा आलेली बाई मालकालाच चारचौघांत खोटं पाडते! महिनाअखेर तिला रजा द्यावी म्हणते. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, कोणती बाई? बघ, मनात काही ठेवलंसुद्धा नाही.

मुलीला पापा. उत्तराला तुझ्या नेहमीच्या सवडीने नको, माझ्या घाईने लिही.
तुझी,
वहिनी


ता. १५ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी नर्सेसवर ओरडत नाही, नुसती चष्म्यावरून बघते. तेवढं पुरतं.

त्या बाईला आजच्या आज काढ, असं लिहायला हात शिवशिवतोय. माझ्या दादाला खोटं पाडते म्हणजे काय! पण मला त्याचा नियम ऐकवतेस आणि तिला मात्र चहाही न पाजता घालवतेस, हे काही खरं नाही. तिला आधी चादरींच्या खोलीत ने. असं का केलंस म्हणून विचार. मीही त्या स्टुलावर बसलेय. सुट्टीत हौसेने वेटर झाले होते आणि एका पाहुण्याला फाडकन बोलले होते. दादा चहा संपेपर्यंत गप्प. शेवटी त्याने काही म्हणायच्या आत मीच रडून मोकळी झाले.

आणखी एक. रविवारी त्याचा फोन आला होता. परीक्षा कधी संपतेय, न्यायला येऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं, अरे, कुणाची परीक्षा, माझ्या मुलीची? ती तर आता नोकरी करते. तो हसला आणि फोन ठेवून दिला. थट्टा करत असेल. थट्टाच ना गं वहिनी?

दादाला नमस्कार. माझ्यावरचा लोभ तू कमी करणार नाहीस, पण तरी मागून ठेवते.
तुझी,
छोटी


ता. २१ नोव्हेंबर

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

थट्टा नव्हती.

बाईला चादरींच्या खोलीत नेलं. चहाला हात लावेना. म्हणाली, त्या खोलीत आजारी पाहुणी झोपली होती, औषध द्यायला यायचंय म्हणून कडी लावू नका असं मीच तिला सांगितलं होतं. मला तेवढ्या घाईत दुसरं काही सुचलं नाही. बाकीच्यांसारखं सावरायला मला अजून जमत नाही.

बाकीचे काय सावरतात, असं मी विचारलं. खोल्या आवरणाऱ्या मावशी तिथेच घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली चादर खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

ह्यांनी चुकीची किल्ली दिली की सामान नेणारा पाहुण्यांना जिन्यातच सांगतो, त्या खोलीतला दिवा गेलाय, आणि बरोबर खोलीत नेतो. एकाच टेबलाचा नाश्ता ह्यांनी दोनदा सांगितला की आचारी दोनदा करतो आणि दुसरा सगळे वाटून खातात. वेटरच्या हातून एक बशी फुटली होती. त्या एका बशीसाठी ह्यांनी त्याला तीनदा ह्याच खोलीत आणलं. तो तीनदा चहा प्यायला आणि तीनदा माफी मागून गेला.

मला कुणी का सांगितलं नाही म्हणून मी ओरडलेच. मावशी म्हणाल्या, साहेबांनीच शिकवलंय ना, चूक बाहेर दाखवायची नाही, आत नेऊन सांगायची. पण साहेबांना आत नेणारे आम्ही कोण?

आणि मी, छोटी, ज्या घरात राहते तिथेच मला दिसलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते काय म्हणाले हे तुला मी सांगायला नको, तू रोज बघतेस. वाढतच जाणार. बाहेर आल्यावर हे म्हणाले, माणूस बोलायला चांगला आहे, आपल्या काउंटरवर हवा होता. मी हसले, आणि रिक्षात बसल्यावर तोंड फिरवून घेतलं.

आता त्यांच्याकडून काउंटर काढून घ्यायचं का? आणि सांगायचं कुणी?

तू जे लिहिशील ते मानीन.
वहिनी


ता. २६ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काढू नकोस. हात जोडते. काम सुटलं की माणूस अंथरूण धरतो, हे मी इतकं पाहिलंय. त्या बाईला त्याच्या शेजारी बसव, किल्ल्या तिच्या हाताशी ठेव, पण खुर्ची त्याची राहू दे. निदान मी येईपर्यंत.

ओरडत नाही म्हटलं होतं ना? काल ओरडले. नर्सने एका आजोबांना त्यांचं नाव पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून. ते तिचं कामच होतं गं.

छोटी


ता. ५ डिसेंबर

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं. बाईला शेजारी बसवलं. पण परवा ती जेवायला आत गेली, तेवढ्यात ह्यांनी एका माणसाला भलत्याच खोलीची किल्ली दिली. आत एकटी पाहुणी कपडे बदलत होती. ती किंचाळली, तो बिचारा तिच्याहून घाबरला. बाई खरकट्या हाताने धावत वर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, किल्ली मी दिली, चूक माझी. पाहुणी तिला नाही नाही ते बोलली. तिने ऐकून घेतलं.

मग हे तिला चादरींच्या खोलीत घेऊन गेले, समजावायला. ती स्टुलावर बसली, चहा प्यायली, माफी मागितली. मी दाराबाहेर उभी होते. तिथेच ठरलं माझं. आपली चूक कामगाराच्या अंगावर घालून ह्यांनी एक दिवससुद्धा हॉटेल चालवलं नसतं. मग त्यांच्या नावाने मी तरी कसं चालवू? तुझा शब्द मोडला, रागवू नकोस.

ती गेल्यावर मी आत शिरले. ह्यांना स्टुलावर बसवलं, चहा दिला. तोंडातून सरळ निघेना, म्हणून म्हटलं, एक कामगार आहे. जुना, सगळ्यांत चांगला. आता त्याला काम झेपत नाही आणि बोलणी दुसरेच खातात. काय करू?

ते विचारात पडले, अगदी पूर्वीसारखे. म्हणाले, कामावरून काढ, माणसांतून काढू नकोस. निरोप पाठवू नकोस, स्वतः सांग. थोडे दिवस आराम कर वगैरे खोटं बोलू नकोस, त्याला कळेल. आणि घरच्यांना आधी सांग, नाहीतर तो कोणत्या तोंडाने घरी जाईल? मी म्हटलं, त्याच्या बायकोला माहीत आहे. त्यांनी विचारलं, सांभाळून घेईल ना ती? मी म्हटलं, घेईल. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. आणि म्हणाले, मग ती का रडतेय?

छोटी, तेव्हा मी नाव सांगितलं.

त्यांनी हातातला चहा जपून खाली ठेवला. मग म्हणाले, म्हणजे आज त्या बाईला मी उगाच बोललो. चल, तिची माफी मागायला हवी. आणि उठले. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि तिथेच थांबले. वळून मला विचारलं, आपण कशाला उठलो होतो गं?

मी त्यांचा हात धरून त्यांना परत स्टुलावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

लौकर ये. तुझ्या लोभाची आता दोघांनाही गरज आहे.
तुझी,
वहिनी