पोटातला फुगा आणि माझा ठाम निर्णय

५ मार्च २००७
पित्ताचे खडे शोधायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत. पण पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. फुटली तर खेळ खलास, म्हणे. मी शांत. सौ. सरोजिनीचा चेहरा उतरला. बायकांना धीर कमी. आजपासून सिगारेट बंद.

६ मार्च
एकदम बंद केल्याने बीपी वाढेल. अर्धीच ओढली.

९ मार्च
सर्जन डॉ. भाग्यश्री शेवडे. दोन मार्ग. एक, पोट उघडून फुगल्या जागी कापडी नळी शिवायची. हाल फार, पण एकदा झालं की झालं. दुसरा, जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीदार नळी, आत सरकवायचा. लवकर घरी, पण जन्मभर स्कॅन. काय जमेल ते सीटी पाहून ठरेल. निर्णय माझा, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण बोलण्याचा रोख तोच होता.

१२ मार्च
चिरंजीव योगेशने हिंजवडीच्या ऑफिसातून नेटवरचे प्रिंटआउट आणले. सुरुवातीला जगण्या-वाचण्यात स्टेंटवाले पुढे, काही वर्षांनी दोघे सारखेच. म्हणजे घाई नाही, असा अर्थ मी काढला. "बाबा, तसा अर्थ होत नाही," म्हणाला. मी जन्मभर विम्यात होतो. जोखीम मला शिकवतो!

१५ मार्च
स्टेंट पक्का. शेजारच्या आप्पासाहेबांना सांगितलं. म्हणाले, "डॉक्टरांना कळवलंत का?" सदाशिव पेठेत सहानुभूती मिळत नाही. चिडायचं नाही, बीपी. चिडलो.

१९ मार्च
सीटी आला. फुग्याच्या वर स्टेंटला पकड घ्यायला जागाच नाही. पोट उघडणं हाच मार्ग. मनातून मीही त्याच मताचा होतो. शेवडेबाईंनी सिगारेटचं विचारलं. बंद आहे, म्हटलं. सरोजिनी खोकली.

२२ मार्च
हॉस्पिटल. उद्या ऑपरेशन. पूर्ण निर्धास्त. जेवण गेलं नाही, कारण भाजी अळणी. सरोजिनीला घरी जा म्हटलं. गेली नाही. बरं झालं, एकटी घाबरली असती.

१ एप्रिल
आज पेन धरवलं. खोकलं की टाके ओढतात.
सरोजिनीच्या मनगटावर पट्टी दिसली. विचारलं. म्हणाली, "थिएटरच्या दाराशी तुम्ही हात सोडेचनात. मला नको, घरी चल, म्हणून रडत होतात. बांगडी फुटली."
भुलीच्या औषधाने माणूस बरळतो, असं मी तिला समजावलं.
"भूल त्यानंतर दिली," ती म्हणाली, आणि पेजेचा चमचा पुढे केला.
मी तोंड उघडलं.