पाठीमागे धरलेला हात

प्रिय आये,

आज दुपारी शिलाई मशीनवरच डोळा लागला आणि तू आलीस. तू गेल्यापासून पहिल्यांदाच! अर्नाळ्याच्या वाळूवरून चालत, डोक्यावर मासळीची टोपली. पण अंगावर लुगडं नव्हतं, हॉस्पिटलचा तो हिरवा गाऊन होता. एक हात टोपलीला, दुसरा पाठीमागे, गाऊन आवळून धरलेला. पाणी पायाशी येत होतं, जात होतं. म्हणून लिहायला बसलो.

मनवेलपाड्यातल्या माझ्या दुकानात सध्या हिरवंच कापड पसरलंय. एका हॉस्पिटलने पेशंटचे गाऊन शिवायला दिलेत. कोणाच्या हाताखाली न शिकलेल्या तुझ्या मुलाला! पाठ उघडी टाकणारा त्यांचा नमुना मी परत केला. मागचे पल्ले चार बोटं एकमेकांवर चढले पाहिजेत, आणि नाडी कुशीला, पेशंटचा स्वतःचा हात पोचेल तिथे.

तुला पहिल्यांदा गाऊन घातला तेव्हा काय म्हणालीस, आठवतं? "कोनी शिवला रे हा? मागचं कापड खाल्लं मेल्यानं!" अख्खा वॉर्ड हसला. पण कूस वळताना हळूच माझ्या कानाशी, "मागून कोनी बघतंय का रे?"

भर बाजारात पुरुषांना दमात घेणारी तू. त्या कॉटवर इतकी लहान का झालीस, आये?

सलाईन उजव्या हाताला, आणि तोच हात तू पाठीमागे न्यायचीस. सलाईन थांबायचं, नर्स ओरडायच्या, "ए मावशी, किती वेळा सांगायचं? हात सरळ ठेव!" बेड सातची म्हातारी हट्टी, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. शेवटी पट्टी आणली, हात कॉटला बांधायला. एकदा तरी त्यांना बोलायचंस ना! गिऱ्हाइकाला कधी सोडलं नाहीस.

तेवढ्यात ती वसईची सिस्टर ड्यूटीवर आली. तिनं आधी पडदा ओढला. मग नाव विचारलं.

"हिराबाय, पाठीत दुखतंय का?"

तू मान हलवलीस, नाही म्हणून.

"मग उघडं वाटतंय?"

तू डोळे मिटलेस.

"मी हात लावू का?"

तू हो म्हणालीस, तेव्हाच तिनं तुझं धुतलेलं लुगडं पाठीशी नीट खोचलं. तुझा हात आपोआप पुढे आला. थेंब पडू लागले, एकामागून एक, आणि तू झोपलीस. किती शांत!

मघाशी स्वप्नात मी धावत आलो, माझा नवा गाऊन तुला चढवला, कुशीला गाठ मारली. तरी हात मागेच! "आता कशाला, आये? चार बोटं पल्ला चढवलाय!"

"गाठ बरी हाय," तू म्हणालीस. "पन मारायच्या आदी इचारलंस का?"

उद्या गठ्ठा घेऊन मी स्वतः जाणार आहे. नाडी कशी बांधायची ते तिथल्या नर्सना, आयांना दाखवायचंय. पण नाडीला हात लावण्याआधी पडदा ओढायला लावीन. मग नाव. मग "हात लावू का?", आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. हसतील, हसू देत. हे शिकवल्याशिवाय एकही गाऊन हातातून सोडणार नाही, माझा शब्द.

मग पुन्हा ये, आये. दोन्ही हात टोपलीला लावून ये.

तुझाच,
बाळू