लोखंडी इमूपाशी

प्रिय अनघाताई,

आठवडाभर लिहीन लिहीन म्हणतोय आणि दुसरंच काहीतरी करत बसतोय. काल तर नुसता इथल्या ईस्ट कोस्ट पार्कात सायकल फिरवत राहिलो.

ऑस्ट्रेलियातल्या त्या उजाड रस्त्यावर मैलामैलांवर भंगारातून केलेले पुतळे उभे आहेत. नांगराच्या फाळांचा इमू, ट्रकच्या स्प्रिंगांचा कांगारू. बाबा प्रत्येकापाशी गाडी थांबवायला लावायचे आणि सांध्यांवरून बोट फिरवायचे. सिंगापुरात सेम्बावांगच्या शिपयार्डात जन्मभर वेल्डिंग तपासलेला माणूस. "हे मी पास केलं नसतं," म्हणायचे, आणि वर मलाच, "तुझ्यासारखंच आहे, राजस. जोडलंय, पण टिकेल असं वाटत नाही."

इमूपाशी म्हणाले, "मी गाडीत बसतो, तू बघून ये." मागच्या टेकडीवर तसाच भंगाराचा एक घोडाही दिसत होता. मी तिकडे भरकटलो. परत आलो तेव्हा बाबा सीटवरच गेलेले होते.

दहन तिथेच केलं. तुला विचारलं नाही. "बाबांना फोन दे" असा तुझा मेसेज आला की मी "रेंज नाही" लिहितो आणि आधी काढलेला एखादा फोटो पाठवतो. "किती खूश दिसतायत," असं तू लिहितेस. तुला वाटतंय आम्ही अजून प्रवासात आहोत. मी इथे सिंगापूरला घरी आहे, टीव्हीशेजारी अस्थी ठेवून. आज फोटोही संपले.

हे पत्र बहुतेक पाठवणार नाही.

तुझा,
राजस

ता. क. बाहेरच्या गेटच्या कुलपात कोणीतरी किल्ली फिरवतंय. बाबांची आणि माझी किल्ली समोर टेबलावर आहे. तिसरी पुण्याला तुझ्याकडे असते.