दोन लेव्हचं भांडवल

१ मार्च, मंगळवार

"पोरा, तू आता साहेब हो!" — आमचा ठेकेदार मेतोदीकाका गच्चीवरून ओरडला. मी आठव्या मजल्याशी दोरावर लोंबकळत होतो, एका हातात इमारतीला थंडीसाठी बाहेरून लावायचा थर्मोकोलचा पत्रा, तोंडात स्क्रू. काय बोलणार!

वर गेल्यावर नीट सांगितलं. पंधरा मार्चपासून तो कोणालाच पगारावर ठेवणार नाही. ज्याची कंपनी, त्याला काम. मी कंपनी काढायची, स्लावीला नोकरीवर घ्यायचं आणि मेतोदीला बिल लावायचं. महिन्याला पाचशे लेव्ह जास्त सुटतील म्हणतो.

"आणि काही झालं तर?"

"अरे म्हणून तर कंपनी! मर्यादित जबाबदारी. भांडवल किती? दोन लेव्ह. बुडालास तर दोन लेव्ह बुडाले. तुझ्या घराला कोणी हात लावत नाही."

घर म्हणजे गावचं अर्धं घर. अक्रोडाच्या बाजूचं. आई गेली तेव्हा नावावर झालं, उरलेलं अर्धं त्सोलोमामाचं. जगात माझं म्हणून तेवढंच आहे. ते सुरक्षित असेल तर मी साहेब व्हायला तयार!

संध्याकाळी खोलीवर स्लावीने माझ्या आणि स्वतःच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही म्हणे. ह्यानेच मला दोरावर उतरायला शिकवलं, तीन वर्षांपूर्वी. आता माझ्याकडे नोकरीला! त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, "कागद आधी मला दाखव. मी वाचतो."

हा वाचतोच. जेवताना चटणीच्या बरणीवरचं वाचतो, औषधाच्या डबीतली घडी उलगडून वाचतो. वाचून वाचून काय झालं — सोफियात माझ्याच शेजारच्या खाटेवर झोपतो ना!

नाही दाखवला.

४ मार्च, शुक्रवार

हिशेबनीस बाईकडे. सेव्दालिना नाव. जाड भिंगं, टेबलावर झोपलेलं मांजर.

भांडवल दोन लेव्ह. ते दोन लेव्ह ठेवायला बँक खातं उघडायचे वीस लेव्ह घेते! नोंदणीची सरकारी फी पंचावन्न. सहीचा नमुना नोटरीसमोर, त्याचे वेगळे. बाईंचे कागद करायचे एकशे ऐंशी. मी म्हटलं, "बाई, दोन लेव्हच्या गाढवाला तीनशेचं खोगीर?" त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "नीट ऐका. मालक म्हणून तुम्ही दोन लेव्हपुरतेच. पण व्यवस्थापकही तुम्हीच आहात, आणि ते प्रकरण निराळं आहे. व्यवस्थापकाने कंपनीचं नुकसान केलं तर—" पुढे बरंच बोलल्या. टेबलावर शिक्क्यांच्या नमुन्यांची वही होती. गोल, चौकोनी, तारा असलेले. मी ती बघत होतो.

८ मार्च, मंगळवार

बाईंना कार्नेशनचं एक फूल नेलं, आज सगळ्याच बायकांना देतात. त्यांच्याकडे आधीच बादलीभर होती. माझं मांजराने खाल्लं.

१४ मार्च, सोमवार

कंपनी झाली! 'गालिन अल्पिन ७' — गालिन म्हणजे मी, अल्पिन म्हणजे दोरावर चढणारे. नुसतं 'गालिन अल्पिन' कोणीतरी आधीच घेतलं होतं. मग सात आकडा लावला. लोकांना वाटेल आणखी सहा आहेत.

पत्ता गावच्या घराचा दिला. त्यासाठी मामाची संमती लागली, तो बसने विदिनला जाऊन नोटरीकडे सही करून आला. फोनवर म्हणतो, "गालचो, दाराला पाटी लावू का? कोंबड्यांना कळायला हवं, आता त्या ऑफिसात राहतात."

१६ मार्च, बुधवार

शिक्का आला. गोल, निळा, मधे दोराचं चित्र, कडेने माझं नाव. पस्तीस लेव्ह. बाई म्हणाल्या कायद्याने शिक्का लागतच नाही. असेल! पण बिनशिक्क्याचा कागद ह्या देशात कोण हातात धरतो? माझी आई वीज बिलावरसुद्धा शिक्का आहे का बघायची.

हातावर मारला. स्लावीच्या कपाळावर मारला. तो पुसत म्हणाला, "चला, आता मी अधिकृत झालो."

११ एप्रिल, सोमवार

पहिला महिना. पाचशे जास्त मिळाले, खरं आहे. मग बाईंचे एकशेवीस. माझा विमा एकशे तीस. स्लावीच्या पगारावरचा विमा निराळा. खातं ठेवायचे आठ, खात्यातून काढायचे चार. नोंदवहीत काहीतरी चुकलं म्हणून दंड पन्नास.

कंपनी म्हणजे पाहुणी आलेली सासू. कामाला हात लावत नाही, पण ताट वेळेवर लागतं.

साहेब झाल्यापासून मी जुन्या पगारापेक्षा साठ लेव्ह कमी घरी आणले. मेतोदीला सांगितलं. म्हणाला, "उद्योजकाने सुरुवातीला सोसायचं असतं." त्याने नवी गाडी घेतली आहे.

मिटवून टाकू का विचारायला बाईंकडे गेलो. म्हणाल्या, मिटवायला सहा महिने आणि पाचशेच्या वर. काढायला तीनशे, मिटवायला पाचशे! कसला हा दरवाजा!

२५ एप्रिल, सोमवार

स्लावीने दोर दाखवला. वरचं आवरण घासलंय, आतलं पांढरं दिसतंय. नवा साडेतीनशेचा.

आम्हा दोघांत तीन दोर आहेत. नियमाने माणशी दोन लागतात — एक कामाचा, एक जिवाचा. दोन मी घेतो. साहेब कोण आहे?

"मे अखेर बघू," म्हटलं.

"गालिन, हे बघ, हाताने कळतं. मऊ पडलाय."

"कामावर मला साहेब म्हणायचं."

मेतोदी बाजूलाच सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. खो खो हसला. स्लावी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. साहेब, दोर मऊ पडलाय."

मी त्याला चिकटपट्टीचं रीळ दिलं. गुंडाळ म्हटलं. खरं सांगू? मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे गप्प बसलं.

ही वही खरी दोर तपासणीची. मेतोदीने दिलेली. रोज तारीख, दोराचा नंबर, सही. कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो — माझं.

१ मे, रविवार

ईस्टर. गावी. मामाने रंगवलेलं अंडं माझ्या अंड्यावर आपटलं, माझंच फुटलं. दरवर्षी माझंच फुटतं. मामाने दाराला खरंच पाटी लावली आहे, खडूने. कोंबडी आत जाताना मी उठून उभा राहिलो. मामा हसून हसून खोकला.

अक्रोडाला पालवी आलीय. माझ्या बाजूला.

२४ मे, मंगळवार

सुट्टी. अक्षरदिन. शाळेची पोरं फुलं घेऊन मिरवतात. मी सातवीत दोनदा नापास, मला कसला अक्षरदिन! दुपारपर्यंत झोपलो. स्लावी पुस्तकांच्या स्टॉलवर गेला आणि एक लेव्हचं जुनं पुस्तक घेऊन आला. वकिलीचं! "कशाला रे?" तर म्हणे, "स्वस्त होतं."

दोराचं पुन्हा बोलला. जून अखेर म्हटलं.

७ जून, मंगळवार

स्लावी पडला.

चौथ्या मजल्यावरून. बायकांच्या कपड्याच्या दोऱ्या तोडत खाली टोमॅटोच्या वाफ्यात. जिवंत आहे. एक म्हातारी बाल्कनीतून ओरडत होती — आधी देवाच्या नावाने, मग टोमॅटोच्या नावाने.

दोर चिकटपट्टीच्या खालीच तुटला. बरोबर तिथेच.

८ जून, बुधवार

कंबरेचं हाड, दोन मणके, उजवा हात. चालेल की नाही डॉक्टर सांगत नाहीत.

मेतोदीकडे गेलो. दारातच उभा. "मला काय विचारतोस? माणूस तुझ्या कंपनीचा. दोर तुझ्या कंपनीचा. मी फक्त बिलं घेतली." जॅकेटवरून बियांची टरफलं झटकली आणि आत गेला.

हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यासाठीच मी साहेब!

९ जून, गुरुवार

उद्या कामगार खात्याची तपासणी. दोराची वही मागणार. ही कशी देऊ?

नवी घेतली, एक लेव्ह ऐंशीला. दुपारी खोलीवर बसून मार्चपासून जूनपर्यंत सगळी भरली. दोन पेनं आणि एक पेन्सिल, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. एकही दिवस सोडला नाही. दोर तपासला, ठीक. दोर तपासला, ठीक. सगळ्यांखाली सही आणि शिक्का. कोण म्हणेल मी निष्काळजी?

स्लावीची खाट रिकामी. उशीखाली ते वकिलीचं पुस्तक.

१३ जून, सोमवार

तपासनीस वही चाळून गेला. कंपनीला दंड. आणि वर म्हणाला, जखमी कामगार भरपाई मागू शकतो, मोठी रक्कम.

मेतोदीने आज आपणहून बिअर पाजली. त्याला भीती आहे मी तोंड उघडेन. "पोरा, ह्याला साधा उपाय. फ्यूज शोध. स्टेशनवर बसलेला एखादा दारुडा धर, पन्नास लेव्ह आणि एक बाटली दे, कंपनी त्याच्या नावावर कर. उडायचा तो फ्यूज उडतो, घर जळत नाही. सगळे करतात."

मी ग्लास रिकामा केला. मग माझ्याच तोंडून निघालं — "स्लावीच्याच नावावर केली तर?"

मेतोदीने शीळ घातली. "म्हणजे भरपाई मागायची तर स्वतःकडेच मागेल!" त्याने माझा ग्लास पुन्हा भरला. "हे मलापण सुचलं नसतं रे."

कौतुक होतं ते. मला बरं वाटलं.

१७ जून, शुक्रवार

हॉस्पिटलात नोटरीबाई आणली. खाटेपर्यंत यायचे नव्वद लेव्ह. व्यवस्थापक, मालक, सगळं आजपासून स्लावी.

त्याला सांगितलं, "तू मालक झालास की आजारपणाचे पैसे लवकर सुटतात. मधे मी नको."

"असं होय," म्हणाला.

नोटरीला सगळं मोठ्याने वाचून दाखवावंच लागतं. अकरा मिनिटं वाचलं, प्रार्थना म्हणावी तसं. स्लावीचे डोळे मिटलेले, नळीतून औषध चालू. मला वाटलं झोपला. एकदाच म्हणाला, "जरा हळू."

उजवा हात प्लास्टरात. डाव्याने सही केली — चिखलातून कोंबडी चालल्यासारखी. मनगटावर मार्चमधला तो लाल-पांढरा दोरा अजून होता, मळून राखाडी झालेला. ह्याला करकोचा दिसलाच नाही वाटतं.

मग म्हणाला, "आणि शिक्का?"

"शिक्का कशाला तुला?"

"मालक आहे ना मी! फाइलपण दे. वहीपण. सगळं दे."

नर्ससुद्धा हसली. पडल्या पडल्या साहेब व्हायची हौस! दिलं सगळं, एक लेव्ह ऐंशीची वहीपण. शिक्का त्याच्या डाव्या मुठीत ठेवला. त्याने आधी माझ्या तळहातावर मारला.

"चला," म्हणाला, "आता तू अधिकृत."

१८ जून, शनिवार

मी कशाचाच साहेब नाही. अक्रोड माझा, अर्धं घर माझं. बारा तास झोपलो.

४ जुलै, सोमवार

मेतोदी म्हणतो, नवी कंपनी काढ, 'गालिन अल्पिन ८'. ह्या खेपेला दोर तो स्वतः देईल म्हणे. बाईंना फोन केला. ऐकूनच घेईनात. "मी कंपनीची हिशेबनीस आहे, तुमची नाही. आणि मालक रोज फोन करतात, वेळ नाही मला."

मालक! रोज फोन! पडून पडून कंटाळला असेल बिचारा.

भेटायला गेलो नाही. जाईन.

१९ जुलै, मंगळवार

मामाचा फोन. माझ्या नावाने रजिस्टर पत्र आलंय. अक्षर लावून लावून वाचलं त्याने. जखमी कामगाराची भरपाई आणि दंड कंपनी आपल्या माजी व्यवस्थापकाकडून मागते. कामगाराने सांगूनही दोर बदलला नाही. ईस्टरच्या दिवशी, चोवीस मेला, सगळ्या रविवारी दोर तपासल्याच्या खोट्या सह्या केल्या, वही सोबत जोडली आहे. व्यवस्थापकाला दोन लेव्हची मर्यादा नाही. एका महिन्यात पैसे, नाहीतर कोर्टातून अर्ध्या घरावर जप्ती.

सही वाकडीतिकडी आहे म्हणतो, पोराने केल्यासारखी. पण शिक्का झकास उठलाय, गोल, कडेने माझं नाव.

"गालचो," मामा विचारतो, "तू स्वतःलाच पत्र कशाला लिहिलंस रे?"