माधव नगरातलं न्यूझीलंड

माधव नगर, उज्जैन
मे १९९४, भर दुपार

ती. सौ. अहल्याताईस,

धाकट्या यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (फरशी तव्यासारखी तापली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष घातलेला नाही, भाव घे.) तुझे गुडघे आणि भावोजींचा दमा कसा आहे ते कळव. इकडे आम्ही सगळे ठीक-ठाक, फक्त तुझी भावजय मंगला माझ्याशी बोलत नाही. का, ते सांगायलाच हे पत्र.

तू सुचवलेलं स्थळ परवा येऊन गेलं. मुलगा रुचिर, न्यूझीलंडला दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनीयर. आणि आपली मुक्ता, जी आजवर प्रत्येक फोटो उलटा ठेवून आत निघून जायची, तिने हा फोटो सुलटा ठेवला होता! म्हणजे माझ्यावर केवढं दडपण आलं बघ. त्यात तूच लिहिलंस, की मुलगा गार, ओल्या हवेला सरावलेला, उज्जैनच्या मे महिन्यात त्याला घेरी आली तर सोयरीक तिथेच राहील, तेव्हा काहीतरी बघ. ताई, अगं हे तू कोणाला लिहिलंस? जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसाला! जगातली सगळी सौम्य, ओलसर हवामानं मला तोंडपाठ. पश्चिम किनाऱ्यांवर समुद्राकडून पश्चिमी वारे येतात, म्हणून न्यूझीलंडात काय, इंग्लंडात काय, बारा महिने भुरभुर, ना धड थंडी ना धड ऊन. रोमकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आणि शांघायसारख्या पूर्वेकडच्या गावांत उन्हाळा असा चिकट, की शर्ट अंगाला सोडत नाही. (परीक्षेत हे तिन्ही एकत्र कालवणारी पोरं माझ्याकडे वर्षानुवर्षं नापास झाली आहेत.) मी ठरवलं, बैठकीत पाऊल टाकताच मुलाला वाटलं पाहिजे, आपण आपल्याच गावी आलो.

लगेच देवास गेटहून कूलर आणला. देशाने दारं उघडल्यापासून कूलरसुद्धा काय एकेक निघालेत! रिक्षावाल्याने आधी त्याला नीट बसवलं आणि उरलेल्या जागेत मला. मंगला म्हणाली, उत्तरेच्या खिडकीत लावा, तिथे सावली असते. आता पश्चिमी वारे उत्तरेकडून कसे येतील? मी पश्चिमेच्या खिडकीतच बसवला. मग ती म्हणाली, समोरची खिडकी उघडी ठेवा. (हे उज्जैनात शेंबडं पोरही जाणतं, मान्य.) पण उघड्या खिडकीतून लूच्या गरम झळा आत येणार, आणि न्यूझीलंडात लू कुठली? मी सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत जुनी धोतरं कोंबली. पाण्याचा प्रश्न होता, कारण आपल्याकडे नळ एक दिवसाआड. तेव्हा घरात होतं नव्हतं ते पाणी कूलरच्या पोटात ओतलं आणि सगळ्यांना आंघोळीऐवजी पावडर लावून तयार व्हायला सांगितलं. मंगला तेव्हापासून जी गप्प झाली ती झालीच.

रुचिर आला, बरोबर इंदूरचे त्याचे काका भय्यासाहेब, परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर नेसून. त्यांना दिवाणावर बसवलं. त्यावर खास भैरवगढहून आणलेली कोरी छापाची चादर होती. सुरुवातीला खरंच सांगतो, साक्षात न्यूझीलंड! भय्यासाहेब "वा, क्या बात है" म्हणाले. पण ताई, खेळत्या हवेशिवाय कूलर म्हणजे नुसता ओलावा गं. पोह्यांवरची शेव मऊ पडली, पापड घडी घालण्याजोगा झाला, भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू गुंडाळून खाली आलं. काडेपेटीतली काडी पेटेना, म्हणून चहा अडला. सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले तेव्हा मला कळलं, की आपण न्यूझीलंडहून निघून शांघायला पोचलोय. बरं, माघारी जायची वाट ठाऊक नाही! तेवढ्यात भय्यासाहेब हात धुवायला उठले आणि मला त्यांची पाठ दिसली. चादरीतली लाल कोयरी, पानाफुलांसकट, धोतराच्या मागच्या बाजूवर स्वच्छ उमटली होती. (मंगला चादर आधी धुऊन घ्या म्हणत होती. पाणी कुठे होतं?) मुक्ता पोह्यांची बशी धरून इतकी मोठ्याने हसली की मी मनात म्हटलं, झालं, हेही स्थळ गेलं.

रुचिर हसला नाही. त्याने हळूच मला विचारलं, जरा उन्हात बसलो तर चालेल का? म्हणाला, काका, तिकडे गेल्यापासून माझा टॉवेल एकदाही पुरता वाळलेला नाही, मुद्दाम लू खायला मे महिन्यात रजा काढून आलोय. घ्या! मुक्ता त्याला गच्चीवर घेऊन गेली. कूलरच्या ओघळात भिजलेले त्याचे मोजे तिने कठड्यावर टाकले, ते बोलता बोलता पापडासारखे कडक झाले, आणि मोजे हातात घेऊन त्याचे डोळे भरून आले म्हणे. खाली मी भय्यासाहेबांना रोमचा उन्हाळा समजावून देत होतो, ते माझा पायजमा घालून ऐकत होते. वरून हसण्याचे आवाज येत होते. दोघं खाली आली तेव्हा टोमॅटोसारखी लालबुंद.

जाताना भय्यासाहेब नुसतं "कळवतो" म्हणाले. त्या "कळवतो"चा अर्थ तुला मी सांगायला नको. मुक्ता दोन दिवस जेवताना भलतीकडेच बघते आहे, पोरीचा जीव तिथे अडकला आहे गं. तेव्हा मध्यस्थ म्हणून तू सांभाळून घे. चूक हवामानाची, मुलीची नव्हे, असं लिही.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. पत्र टाकायला निघालो तर कोपऱ्यावरच्या पीसीओवर इंदूरहून फोन आला. मुलाचा होकार! भय्यासाहेबांच्या मंडळींना धोतरावरची कोयरी आवडली, तसलंच कापड साडीभर हवं आहे. पीसीओवाल्यासमोर मी नाचलो, हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. २. मुक्ताचाही होकार आहे. मंगला बोलायला लागली, पण बोलते आणि रडते, दोन्ही एकदमच. आमच्या बाजूचा होकार तूच कळव ताई, माझ्याने लिहवत नाही. वर्गातल्या नकाशावर न्यूझीलंड अगदी खालच्या कोपऱ्यात असायचं, दाखवायला मला वाकावं लागायचं. एवढ्या लांब चालली गं पोर.

ता. क. ३. होकार कळवशील तेव्हा सहज विचारून बघ, तिकडच्या एखाद्या शाळेत भूगोलाचा मास्तर लागतो का. मी रिटायर झालोय हे मात्र आत्ताच बोलू नकोस.