पाणी शिरणार नाही अशी डबी

प्रिय मुंगे,

तुझा कॅमेरा सुखरूप आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढचं काही वाचायच्या आधी तू तेच शोधणार. एक ओरखडाही आलेला नाही. बिघडलंय ते वेगळंच. तुझी आई वर्षभर जिच्यासाठी दिवस मोजत होती, ती समुद्राची सहल राहते की जाते अशी झाली आहे, आणि या कॅमेऱ्याला घालायच्या वॉटरप्रूफ डबीपायी हे सगळं चाललंय असं घरात बोललं जातंय. घरात म्हणजे कोण, आम्ही दोघंच. डोकं भणभणलंय माझं. फोन केला असता, पण फोनवर मी चार विनोद करून पळ काढतो हे तुला ठाऊक आहे. शिवाय माझे कान तिखट असतील, पण इतकी वर्षं माझ्यासोबत काढून तुझी आईही काही मागे राहिलेली नाही. म्हणून कागद घेतलाय.

तिनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकून दाखवलं, ते तुला कौतुकानं कळवलंच होतं. आता तिच्या पोहण्याच्या मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना घेऊन स्नॉर्कलिंगला निघाल्या आहेत. तोंडात नळी धरायची, डोळ्यांना काच लावायची आणि पाण्यात डोकं घालून मासे बघायचे. नावं नोंदवली त्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, मला काही नको तिथलं. पाण्याखाली, माशांच्या घोळक्यात, माझा एक फोटो हवा. आणि तो तुम्ही काढलेला हवा." जेवता जेवता म्हणाली. मीही घास तोंडात असतानाच हो म्हणालो. दुकानाच्या नावाखाली मी तिच्या किती गोष्टी पुढे ढकलल्या, याची तिनं कधी आठवण करून दिली नाही. म्हणून तर ते "हो" फार पटकन निघालं.

मग तुझा कॅमेरा मागवला आणि डबी शोधायला लागलो. मुंगे, पाणी कुठून शिरतं हे मला कुणी शिकवावं? चौतीस वर्षं पंप उघडतोय. खांद्यावर पिशवी टाकून दारोदार वॉशर बदलत फिरणारा माणूस मी, आज माझ्या दुकानावर पाटी आहे ती याच एका विद्येवर. पंपाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, की आत कुठलं सील गेलंय ते मी सांगतो. तेव्हा छाती काढूनच कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर तुझ्याहून लहान एक मुलगी होती. तिनं आधी पारदर्शक प्लॅस्टिकचं पाऊच दाखवलं. वरून घडी घालायची, चिमटा लावायचा, झालं. मी म्हटलं, "बाई, यात मी भाजीसुद्धा नेणार नाही." ती हसली. खरं सांगायचं तर पाऊच इतकं वाईट नव्हतं. पण आत वाफ धरते, आणि प्लॅस्टिकवरून बटण दाबताना दहातले चार फोटो बोटाचे येतात. मग तिनं तुझ्या कॅमेऱ्याच्या मापाची कडक डबी काढली. जाड काच, बाजूला खटका, आणि झाकणाच्या कडेनं बसवलेली पांढरट रबरी रिंग. रिंग बघितली आणि आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. घेतली.

आता माझा शहाणपणा ऐक. डबीसोबत एक माहितीपत्रक होतं आणि ग्रीसची करंगळीएवढी पुडी. पुडी बघून मला हसू आलं. आमच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसचा डबा कमरेएवढा आहे. मी त्यातलं बोटभर घेतलं आणि जन्मभर पंपाच्या रिंगांना लावत आलो तसं प्रेमानं चोळून लावलं. मग रिकाम्या डबीत टिश्यू पेपर ठेवला आणि पंप तपासायच्या हौदात ती दुपारभर बुडवून ठेवली. संध्याकाळी काढली तर टिश्यूचा लगदा. असा भडकलो! ओली डबी तशीच घेऊन दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर त्या मुलीला म्हणालो, "लोकांचे कॅमेरे बुडवायचा धंदा काढलाय का?" तिनं रिंग काढली, चिमटीत धरून दाबून बघितली, नाकाशी नेली. "काका, हिला काय खाऊ घातलंत? फुगलीय बघा." ती रिंग सिलिकॉनची होती, म्हणून सोबतच्या पुडीतलंच ग्रीस लावा, दुसरं लावलं तर ती फुगते आणि सुटते, असं पत्रकाच्या तिसऱ्या पानावर ठळक छापलेलं. पत्रकाची पहिली दोन पानंसुद्धा मी उघडली नव्हती. चौतीस वर्षांची विद्या त्या पोरीनं दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या हातावर ठेवली. तिची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. तिनं नवी रिंग दिली आणि वर म्हणाली, "आता मात्र वाचून लावा हं."

वाचून लावली. तीन वेळा बुडवली. एकदा तर हौदाच्या तळाशी वजन बांधून दिवसभर ठेवली. टिश्यू कोरडा, इस्त्री केल्यासारखा. माझ्याकडचे जुने मिस्त्री बघत होते. ते म्हणाले, "शेठ, या डबीत मला बसवून समुद्रात सोडलंत तरी मी चहा पिऊन वर येईन." गोष्ट इथंच संपायला हवी होती ना? पण मी त्या संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं की खटका जरा सैल वाटतोय. दोन दिवसांनी म्हटलं, बटणं कडक आहेत. मग डबी जड आहे, हातातून सुटली तर तळाला जाईल. तिनं हाताला बांधायचा तरंगणारा पट्टा आणून दिला. मग मी म्हटलं, त्यापेक्षा तिथंच वॉटरप्रूफ कॅमेरा भाड्यानं मिळतो का बघू. तुझी आई शांतपणे म्हणाली, "जावई निवडताना एवढे प्रश्न विचारले नव्हते तुम्ही." जावईबापूंना हे सांगू नकोस. मी हसण्यावारी नेलं खरं. पण स्वतःचाच राग यायला लागला होता. काल तर एका चांगल्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो.

आणि काल दुपारी ते कानावर पडलं. मी चहाचे दोन कप घेऊन बाल्कनीकडे निघालो होतो. तुझी आई तिथं मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, अगदी हळू. माझ्या कानांना हळूबिळू काही कळत नाही. ती म्हणत होती, "त्यांच्या मनातच नाहीये गं यायचं. तोंडानं नाही म्हणत, एवढंच. आधी दुकान होतं, आता ही डबी. सोबत यायचं काहीतरी कारण सांगून टाळतात, हे मला आता कळतं. शनिवारी कळवते, आमची दोन्ही नावं काढा म्हणून." रागावून म्हणाली असती तर मी आत जाऊन भांडलो असतो. रागावलेली नव्हती. दुधाचा रतीब बंद करायचा असावा तसं बोलत होती. मी कप घेऊन परत स्वयंपाकघरात गेलो, आणि दोन्ही कप मीच प्यायलो.

तिचं चुकलेलं नाही, आणि तरीही पूर्ण चुकलंय. मला तिच्यासोबत जायचंय. फोटो तर मला तिच्याहून जास्त हवाय. डबी तपासायला म्हणून मी गेल्या रविवारी, ती पोहायला जाते त्या तलावावर एकटाच गेलो होतो. उथळ बाजूला उतरलो, पाणी कमरेला. डबी पाण्याखाली धरली, उत्तम. मग काचेतून बघायला डोकं खाली घालायचं होतं. हनुवटी पाण्याला लागली आणि माझ्या कानांत असा काही आवाज सुरू झाला की मी पायऱ्यांचा दांडा धरून उभा राहिलो. शेजारी सहा-सात वर्षांची पोरं बुड्या मारत होती. वीस मिनिटं उभा होतो, मुंगे. हनुवटीच्या वर पाणी गेलं नाही.

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बावीस वर्षांचा असताना एका इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत व्हॉल्व्ह बदलायला उतरलो होतो. आत माणूस आहे हे वॉचमनला माहीत नव्हतं, त्यानं पाणी सोडलं. अंधारात झाकण कुठल्या बाजूला तेच कळेना. पाणी हनुवटीला लागलं होतं आणि डोकं वरच्या स्लॅबला. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत. मी तेव्हा ज्यांच्या हाताखाली होतो त्या मिस्त्रींनी येऊन ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होतो, मग त्यात सांगण्यासारखं काय राहिलं? पण तेव्हापासून मी शॉवरखाली उभा राहत नाही. बादली आणि तांब्या. आणि तू सहावीत असताना तुझी पोहण्याची शर्यत होती, आठवतं? मी आलो नाही, गिऱ्हाईक होतं असं सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी भिंतीबाहेर फाटकाशी उभा होतो. पोरं पाण्याखाली जातात आणि वर यायला वेळ लागतो, ते मला बघवलं नसतं. लाउडस्पीकरवर तुझं नाव दुसऱ्या क्रमांकाला घेतलं ते मी बाहेर ऐकलं. घरी आल्यावर तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आणि मी तुला नवी सायकल आणून दिली. त्यापेक्षा हे चार शब्द सांगायला हवे होते.

आता मुद्द्याचं. तुझं सहलीचं तिकीट मी आज काढलंय, आणि मुद्दाम रद्द न होणारं काढलंय, म्हणजे तुझ्यापुढे प्रश्नच नको. उद्या कुरियरनं हे पत्र पोचेल. शुक्रवारी आईला फोन कर आणि सांग की तुलाही यायचंय, तुझा कॅमेरा तू बाबांच्या भरवशावर सोडणार नाहीस. तिला पटेल, तिचा तरी कुठं भरवसा उरलाय. म्हणजे शनिवारचा तिचा फोन टळेल. आणि निघायच्या आधी आठ दिवस इकडे ये. अकरा ते बारा तलाव रिकामा असतो, आई तेव्हा नसते. मला एवढंच शिकव की डोकं पाण्यात घालून दहा आकडे कसे मोजायचे. जमलं तर फोटो मी काढतो आणि मग हे सगळं तिला मीच सांगतो. नाही जमलं तरी सांगतो, फक्त कॅमेरा तुझ्या हातात देऊन. पाण्यात असेपर्यंत माझा हात सोडू नकोस. आणि हसू आलंच तर पाण्याखाली जाऊन हस, तिथलं मला ऐकू येणार नाही.

तुझाच, अजून तरी कोरडा ठणठणीत,
बाबा