काढलेले आणि असलेले

तीर्थरूप ताईस, गळ्यातली गाठ उतरवून ठेवलेल्या धाकटीचा सादर नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे, भावजींचा खोकला थांबला का, आणि मंगळवारच्या ऑपरेशनला तू अजून नाहीच म्हणतेस का? अगं, थायरॉइड काढणार आहेत, डोकं नाही. माझीही काढलीच की. रोज सकाळी गोळी घेते आणि ठणठणीत आहे. (भावजी म्हणतील, थायरॉइड गेली, पण ऊठसूट गळा काढायची सवय काही गेली नाही.)

आमच्या प्रयोगशाळेचं तुला ठाऊकच आहे. काही उंदरांची थायरॉइड काढायची, काहींची ठेवायची आणि मग कोणाच्या यकृतात, प्लीहेत किती लोह साठलं ते पाहायचं. पातळ काप करून रंगात बुडवायचे हे माझं काम. लोह असेल तिथे निळे ठिपके उठतात. पहिल्यांना आम्ही 'काढलेले' म्हणतो, दुसऱ्यांना 'असलेले'. काढलेले बिचारे गारठून कोपऱ्यात बसतात, कोणी आलं-गेलं तरी ढिम्म. पण ऑपरेशननंतर मी रजेवरून परतले तर सगळे काढलेले उठून जाळीशी आले आणि टक लावून बघत राहिले. साहेब म्हणाले, "तुमच्या माहेरची मंडळी दिसतायत." मला बाई भरूनच आलं.

मग लक्षात आलं, मी डबा खायला गेले तरी ते हलत नाहीत. नजर माझ्या खुर्चीवर नव्हतीच, मागच्या फडताळावर होती. तिथे बाटलीत माझी काढलेली थायरॉइडची गाठ. (सर्जनच्या मागे लागून आणलेली. तिचाही एक काप रंगात बुडवून पाहिला, छान निळा झाला.) बाटली खिडकीत ठेवली, सगळे खिडकीकडे वळले. त्यांचा जीव माझ्यावर नव्हता हे कळून आधी वाईट वाटलं, भीती नंतर वाटली. साहेबांनी वैतागून बाटली शेजारच्या कोठीत नेऊन ठेवली. तेव्हापासून काढलेले त्या भिंतीकडे तोंड करून बसतात.

तू मात्र निर्धास्त जा.

तुझी धाकटी

ता. क. गोळी उपाशीपोटी घ्यायची, विसरू नकोस.

आणखी एक ता. क. भूल उतरली की सगळ्यात आधी आपली गाठ मागून घे आणि घरात, जवळ ठेव. ताई, हात जोडते. पत्र लिहायला बसले तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या टेबलासमोर होते. आता कागद मांडीवर आहे आणि समोर कोठीची भिंत. खुर्ची मी फिरवलेली नाही.